वीतभर पाणी

कोचबाईंच्या गळ्यात पाच स्टॉपवॉच असत, पाच रंगांच्या बुटाच्या नाड्यांना बांधलेली. तलावात लेन पाच, म्हणून घड्याळं पाच. शर्यत सुरू झाली की दोन डाव्या मुठीत, दोन उजव्या मुठीत आणि पाचवं हनुवटीखाली. त्या लेनमधली मुलगी भिंतीला लागली की बाई मान खाली घालून एक झटका द्यायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना उचकी लागली.

बाहेर बर्फ असो की ऊन, तलावाच्या काठावर त्या गुडघ्यापर्यंतचा जाड कोट घालूनच उभ्या असत आणि पायात रबरी सपाता. तळघरातली ती खोली गरम, दमट, क्लोरीननं डोळे चुरचुरणारी. दहा मिनिटांत माझा शर्ट पाठीला चिकटायचा. बाईंना मात्र घाम येत नसे. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी, केस पांढरे आणि स्वतःच्या हातानं कापलेले. त्यांना नाव होतं, पण कॉलेजात ते कोणी घेत नसे. सगळे नुसतं 'कोच' म्हणत. माझी बायको त्यांना कोचबाई म्हणायला लागली आणि आमच्या घरात तेच रुळलं.

मी त्या कॉलेजात आवडीनं गेलो नव्हतो. दोन हजार एकच्या शेवटी आमच्या कंपनीनं एका शुक्रवारी निम्म्या लोकांना खोक्यात सामान भरायला लावलं, त्यात मी होतो. व्हिसावरच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला फार दिवस मिळत नाहीत. पिस्कॅटवेतल्या आमच्या अपार्टमेंटपासून अर्ध्या तासावर एका छोट्या कॉलेजाला कंप्युटर सांभाळणारा हवा होता. कॉलेज इतकं छोटं की शेजारच्या गावातही त्याचं नाव स्पेलिंगसकट सांगावं लागे. पगार जवळपास निम्मा. अडला हरी, दुसरं काय. मी धरले पाय.

पहिल्याच आठवड्यात तळघरातून फोन आला, कंप्युटर चालत नाही. जाऊन पाहतो तर त्याच्यावर ओले टॉवेल वाळत घातलेले.

"याचा प्लगच लावलेला नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे," कोचबाई म्हणाल्या. "लावला की टॉवेलांना वास येतो."

कॉलेजनं नियम काढला होता, सगळे निकाल इ-मेलनं पाठवायचे. बाईंना निकाल पाठवायचे होते, पण ते यंत्र उघडायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की त्या कागदावर लिहून देतील आणि मी टाइप करून पाठवीन. मला वाटलं, महिना-दोन महिने चालेल. चार वर्षं चाललं. मला त्या 'इंजिनिअर' म्हणत. मी प्रिंटरमधला अडकलेला कागद काढणारा माणूस आहे, हे त्यांना पटवायचा प्रयत्न मी लवकरच सोडून दिला.

दर ऑगस्टमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधी, बाई तलाव मोजत. पोलादी टेपचं एक टोक त्यांच्याकडे, दुसरं माझ्याकडे. पाचही लेन, वर आणि पाण्याखाली. मी काठावर पालथा पडून बाहीपर्यंत भिजायचो. "पंचवीस यार्ड," त्या मोठ्यानं म्हणायच्या. "केस जास्त नाही, केस कमी नाही." ज्या गवंड्यानं चाळीस वर्षांपूर्वी हा तलाव बांधला त्याला दर ख्रिसमसला त्यांचं कार्ड जायचं. तो वारल्यावर त्याच्या मुलीला जायला लागलं.

"तलाव वाढतो का कधी?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अजून तरी नाही," म्हणाल्या, आणि टेप गुंडाळायला लागल्या.

मला पोहता येतं हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला. कुठे शिकलास म्हणाल्या. मी सांगितलं, आमच्या साताऱ्याकडे पाठीला वाळका भोपळा बांधून चुलता विहिरीत ढकलून देतो, तिथे.

"विहीर किती लांब?"

"लांब नाही. गोल."

बाईंचा चेहरा पडला. "मग टायमिंग कसं घेत होते?"

"कोणी घेतच नव्हतं. जेवायची हाक आली की बाहेर यायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन जिने चढून माझ्या ऑफिसात आल्या. "कडेकडेनं फिरत होतास की आरपार जात होतास?" मी म्हणालो, आरपार. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

'ऑलमोस्ट' हा शब्द त्यांच्या तलावात बंद होता. कोणी म्हणालं, "कोच, आय ऑलमोस्ट हॅड इट," की चार फेऱ्या जादा. मीही एकदा बोलून गेलो की रिपोर्ट ऑलमोस्ट झालाय. मला त्यांनी पाण्यात उतरवलं नाही, पण रिपोर्ट पुरा होईपर्यंत शेजारी खुर्ची टाकून बसल्या. त्या रिपोर्टएवढी चांगली कामगिरी मी त्या कॉलेजात दुसरी केली नाही.

तो जाड कोट कशासाठी, हे कळायला मला वर्ष लागलं. त्याच्या खिशांत उकडलेले बटाटे असत, मीठ लावून चांदीच्या कागदात गुंडाळलेले. स्पर्धेच्या आधी प्रत्येक मुलीला एक. वीतभर चॉकलेटच्या कांड्या आणि रंगीत पेयं आणणाऱ्या इतर कॉलेजांसमोर आमच्या मुली बाकावर ओळीनं बसून बटाटे खायच्या. माझ्या वडिलांचं साताऱ्याला ऑपरेशन झालं तेव्हा माझी ग्रीन कार्डाची फाइल नेमकी अशा जागी अडकली होती की वकील म्हणाला, आत्ता देश सोडू नकोस. त्या दिवशी मी तलावाच्या पायऱ्यांवर नुसता बसून होतो. बाईंनी काय झालं विचारलं, मी सांगितलं. हे कार्ड कोण देतं, कधी देतं, कॉलेजच्या शिफारशीशिवाय ते कसं अडतं, सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग खिशातून एक बटाटा काढून माझ्या हातावर ठेवला. गरम होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या कॉलेजांना हेल्मेट घालून खेळायच्या तिकडच्या फुटबॉलनं झपाटलं होतं. जवळच्या मोठ्या सरकारी विद्यापीठाचं स्टेडियम, त्यांचे टीव्हीवरचे सामने, त्यांच्या कोचचा पगार, हेच आमच्या कँटीनमध्ये बोलणं. आमच्या कॉलेजनंही फुटबॉलची टीम काढायचं ठरवलं. टीम आली की मुलगे येतील, मुलगे आले की फी येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सांगायला त्यांच्याकडे कोणी आजी नसावी. नवी हेल्मेटं आली आणि ठेवायला जागा नाही, म्हणून ती पोहणाऱ्या मुलींच्या लॉकरमध्ये गेली. मुली कपडे बाकावर ठेवू लागल्या. बाईंनी तक्रार केली नाही. फक्त दमट हवेत हेल्मेटच्या अस्तराला बुरशी येते असं एका कागदावर लिहून तो लॉकरवर चिकटवला. कोणी वाचला नाही. बुरशी आली.

मग क्रीडा विभागाच्या डायरेक्टरनं बाईंना बोलावलं. तसा सभ्य माणूस. तलाव जुना झाला आहे, एकोणीस मुलींसाठी एवढा खर्च परवडत नाही, पुढच्या वर्षीपासून पोहण्याची टीम बंद करावी असं वरच्यांचं मत आहे, म्हणाला. "पण एक जरी मुलगी राष्ट्रीय स्पर्धेला पात्र झाली, तर मी बोर्डाकडून दोन वर्षं मागून घेईन. एक मुलगी, कोच."

ती एक मुलगी आमच्याकडे होती. सई. जन्म पिस्कॅटवेतला, आईवडील पुण्याचे. मोठ्या विद्यापीठानं तिला घेतलं नव्हतं म्हणून आमच्याकडे आलेली. वीस वर्षांची ही मुलगी बत्तीस वर्षांच्या मला सगळ्यांसमोर 'काका' म्हणायची आणि मी दरवेळी मनातल्या मनात चरफडायचो. "काका, तुम्ही आईला सांगा ना यार, इट्स नॉट अ हॉबी," असं ती मला म्हणायची, जसं काही तिची आई माझं ऐकणार होती. तिची शर्यत पाचशे यार्डांची, म्हणजे वीस फेऱ्या. पहिल्या दहा फेऱ्यांत ती कधीच पुढे नसायची, आणि शेवटच्या पाचांत तिच्यापुढे कोणी नसायचं.

अडचण एक होती. राष्ट्रीय यादीसाठी हातातल्या घड्याळाचं टायमिंग चालत नसे. पाण्यातल्या भिंतीवर टचपॅड लागतात, म्हणजे हात टेकला की घड्याळ आपोआप थांबवणाऱ्या पाट्या. आमच्याकडे त्या नव्हत्या. आणि सई सगळ्यात जोरात पोहायची ती घरच्याच पाण्यात.

मोठ्या विद्यापीठाच्या कंप्युटर विभागात माझा एक नागपूरचा मित्र होता. एक दिवस त्याचा फोन आला. "अबे यार, यांनी नवीन सिस्टिम घेतली ना, जुने पॅड फेकून राहिले. पाच-सहा तरी चालू आहेत. गाडी घेऊन ये." मी गेलो आणि घेऊन आलो. खरं म्हणजे बाहेरून कुठलीही वस्तू कॉलेजात आणायची तर आधी अर्ज करायचा, तपासणी व्हायची. मी म्हटलं, कोण अर्ज करत बसतो, सीझन संपून जाईल. बाई तयार नव्हत्या. "भिंत आहे की," म्हणाल्या. मी सईचं नाव पुढं केलं तेव्हा तयार झाल्या. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी ते जड पॅड उचलून एका बाजूच्या भिंतीला लावले, मी वायरी जोडल्या, आणि घड्याळ थांबायला लागलं. मला माझ्या डिग्रीचाही एवढा अभिमान वाटला नव्हता.

जानेवारीत घरच्या तलावावर सई पात्रतेच्या वेळेपेक्षा चार दशांश सेकंद आधी भिंतीला लागली. मी मराठीत ओरडलो, काय ते आठवत नाही. मुली पाण्यात उड्या मारत होत्या. बाईंनी हनुवटीखालचं घड्याळ आणि पॅडच्या घड्याळावरचा आकडा ताडून पाहिला, मग खिशातून एक बटाटा काढला आणि तिथेच उभ्या उभ्या स्वतः खाल्ला. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच संध्याकाळी मी निकाल पाठवला. डायरेक्टरची अभिनंदनाची इ-मेल सगळ्या कॉलेजला गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बाईंचा फोन आला. "इंजिनिअर, खाली ये."

त्या काठावर बसल्या होत्या. मुलींनी काढून दिलेल्या एका पॅडची कड मांडीवर, हातात जुना टूथब्रश. शेवाळ घासत असणार. त्यांनी पॅडच्या कडेला बोट लावलं.

"हा किती जाड आहे?"

"असेल सेंटिमीटरभर," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता भिंतीकडे पाहिलं.

तलाव आम्ही ऑगस्टमध्ये मोजला होता, उघड्या भिंतीपासून उघड्या भिंतीपर्यंत. पॅड नोव्हेंबरात लागले. दरवर्षी केस मोजणाऱ्या बाईंना आणि चार वर्षं टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या मला, पॅडलाही जाडी असते हे सुचलं नाही. पॅड परत लावून आम्ही टेप धरली. पंचवीस यार्डांना करंगळीच्या रुंदीएवढं कमी. पुढे पॅड बसणार म्हणून तलाव बांधतानाच थोडी जागा जास्तीची सोडतात, हे मला नंतर कळलं. आमचा गवंडी प्रामाणिक निघाला होता.

मी लगेच तिथल्या फळ्यावर हिशेब मांडला. करंगळी गुणिले वीस फेऱ्या, सगळे मिळून साडेसात इंच. वीतभर. सईच्या वेगानं वीतभर पाण्याला सेकंदाचा जेमतेम आठवा भाग लागतो. ती चार दशांशांनी पुढे होती. म्हणजे तलाव पुरा असता तरी ती पात्र झालीच असती.

"तुझं गणित बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मग ती पाचशे यार्ड पोहलेली नाही."

"ऑलमोस्ट..." मी म्हणालो आणि जीभ चावली.

"बाई, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे," मी म्हणालो. "राहू द्या ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. हा माणूस असं कसं म्हणू शकतो, हे त्यांना खरोखरच समजून घ्यायचं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला. एकोणीस मुलींची टीम, त्या मुलीची इतक्या वर्षांची पहाटेची मेहनत, आणि या बाई वीतभर पाणी धरून बसल्या होत्या. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही वर माझ्या ऑफिसात गेलो. त्या कोट घालून माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि पत्र सांगू लागल्या, मी टाइप करू लागलो. जानेवारीच्या स्पर्धेत आमचा तलाव लांबीला कमी होता. त्या दिवशीचे आमचे आणि पाहुण्यांचे सगळे निकाल रद्द करावेत. इथवर ठीक.

"पॅड मी आणले," त्यांनी सांगितलं. "मी एकटीनं लावले. लावल्यावर मोजलं नाही."

माझी बोटं थांबली. "एकटीनं?"

"टाइप कर."

"पण आणले तर मी. अर्ज न करता..."

"तुझं कार्ड आलं?"

"नाही. फाइल अजून कॉलेजकडेच आहे."

"मग टाइप कर."

मी टाइप केलं. वीतभर पाणी न सोडणाऱ्या बाईंनी माझ्या डोळ्यांदेखत धडधडीत खोटं सांगितलं, आणि मी ते शुद्धलेखन तपासून छापलं. त्यांनी सही केली. कदाचित माझं नाव आलं असतं तरी काहीच झालं नसतं, एखादी ताकीद मिळाली असती. कदाचित फाइल कपाटात गेली असती. खरं काय झालं असतं ते मी शोधायला गेलो नाही.

सईला बाईंनी स्वतः सांगितलं, तलावाच्या काठावर, माझ्यासमोर. सईला आधी समजलंच नाही.

"यू डिडन्ट मेझर?"

"नाही."

"बट यू मेझर एव्हरीथिंग!" सई ओरडली. तिचा आवाज त्या खोलीत घुमला. बाई म्हणाल्या, हो, चूक माझी आहे. मी शेजारी उभा होतो.

डायरेक्टर भडकला. स्टाफच्या मीटिंगमध्ये नाव न घेता म्हणाला, तीस-तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसांनी इतका निष्काळजीपणा करावा याचं वाईट वाटतं. बाई पहिल्या रांगेत होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसून माझ्या बुटांकडे पाहत होतो.

सईला एक संधी उरली होती, आमच्या गटाची शेवटची स्पर्धा. ती मोठ्या विद्यापीठाच्या तलावात होती. तिथला टायमिंगचा बोर्ड आमच्या तळघराच्या भिंतीएवढा. सई शेवटच्या पाच फेऱ्यांत नेहमीसारखी सुटली, सगळ्यांच्या पुढे आली, आणि तीन दशांश सेकंदांनी हुकली. पहिला नंबर आला, पात्रता गेली. बाई टॉवेल उघडून उभ्या होत्या. सई पाण्यातून वर आली, त्यांच्या बाजूनं ओल्या अंगानं सरळ निघून गेली. बाईंनी टॉवेलची घडी केली आणि पुढच्या मुलीकडे वळल्या.

एप्रिलमध्ये टीम बंद झाल्याचं पत्रक निघालं. मे महिन्यात बाईंनी कॉलेजची व्हॅन स्वतः धुतली, किल्ली परत केली आणि ओहायोला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना माझ्याकडे डोकावल्या. मी काहीतरी बोलायला उठलो. त्या म्हणाल्या, "बस, बस. काम कर," आणि सपाता फटफटत जिना उतरून गेल्या. मी त्यांना थँक यूसुद्धा म्हणालो नाही.

पुढच्या आठवड्यात सई आली. ती दुसऱ्या कॉलेजात निघाली होती, तिला जुन्या इ-मेल सीडीवर उतरवून हव्या होत्या. मी कामाला लागलो. ती खुर्चीवर पाय घेऊन बसली होती.

"काका, एक विचारू?" ती म्हणाली. "ते पॅड... दे आर सो हेवी. आम्ही दोघी-दोघी उचलायचो क्लीन करायला. कोचनं एकटीनं कसे लावले असतील?"

तिला संशय नव्हता. ती नुसतं विचारत होती. दार लावलेलं होतं, ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं, आणि उत्तर एका वाक्याचं होतं.

"हट्टी होत्या ना," मी स्क्रीनकडे पाहत म्हणालो. "तुला तर माहीत आहे."

"आय नो." तिनं पाय खुर्चीवरून खाली सोडले. "आय कान्ट फरगिव्ह हर, काका. आय ट्राइड."

सीडी तयार झाली. मी ती तिच्या हातात दिली. दारापर्यंत गेली, परत आली आणि तिनं मला घट्ट मिठी मारली. "थँक यू," म्हणाली. "तुम्ही तरी आमच्यासाठी एवढं केलंत."

माझं कार्ड दोन वर्षांनी आलं. त्या दिवशी तरी सईला फोन करायला हवा होता. नंबर माझ्याकडे होता.